मोकळ्या हातांनी समुद्राकडे

आमच्या नोकरीत 'मुख्यालय' हा शब्द फार. नर्सनं मुख्यालयी राहावं, मुख्यालय सोडताना वरच्यांची परवानगी घ्यावी, सणावारालाही मुख्यालयी हजर असावं. माझं मुख्यालय म्हणजे कडा या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, आष्टी तालुक्यातल्या एका खेड्यातलं उपकेंद्र. दोन खोल्या, बाळंतपणाचं एक टेबल, औषधांचं कपाट, पुढं लिंबाचं झाड. तिथं मी बावीस वर्षं काढली. त्याआधीची अकरा गेवराई तालुक्यात. एवढ्या वर्षांत सलग चार दिवस मी जिल्ह्याबाहेर राहिले ते दोनदाच. एकदा मुलाच्या लग्नात आणि एकदा माझ्या पिशवीच्या ऑपरेशनला.

आणि मला तर फिरायची भारी हौस.

ही हौस कुठून आली सांगता येत नाही. माहेर माझं चकलांब्याचं. वडील दुसऱ्याच्या शेतात सालानं राहायचे, पण मुलींना शाळेतून काढायचं नाही हे त्यांनी ठरवून टाकलेलं. शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. त्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत निळी पट्टी. एकदा मास्तरांनी विचारलं, "समुद्र कुणी पाहिलाय?" एकाही पोराचा हात वर झाला नाही. मग एका मुलीनं विचारलं, "मास्तर, तुमी?" मास्तरांनी छडी उचलली आणि नद्या शिकवायला घेतल्या. ती मुलगी मी नव्हते, पण तो प्रश्न माझाच होता.

आमच्या भागात हौसेनं फिरणं ही तशी चमत्कारिकच गोष्ट. इथं माणसं गरजेनं फिरतात. दिवाळी झाली की उपकेंद्रासमोरून ऊसतोडीचे ट्रक निघायचे. भांडी, सरपण, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि सगळ्याच्या वर बसलेली माणसं. कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. त्यातल्या पोटुशी बायांना मी आधीच गाठायचे. लोहाच्या गोळ्या, इंजेक्शन, कार्डावर तारीख, आणि "जिथं जाल तिथल्या नर्सला हे कार्ड दाखवा," असं चार-चारदा सांगायचे. त्या म्हणायच्या, "बाई, तुमचं बरं हाय. एका जागी बसायला भेटतं." मी हसून घालवायचे. पण ट्रक वळणाआड जाईपर्यंत दारातून हलायचे नाही. खरं सांगते, आपणही वर चढावं आणि जावं असं एक वेडगळ मन म्हणायचंच. मग स्वतःचीच लाज वाटायची. त्या बायांना जायचं नसायचं आणि जावं लागायचं. मी त्यांच्याकडं बघून हळहळत होते ते भलत्याच गोष्टीसाठी.

उपकेंद्रात माझ्यासोबत एक अर्धवेळ परिचर होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं म्हणून मीही मावशी म्हणायचे, खरं तर ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिच्या वयाचा कागद कुठंच नव्हता. "मोठ्या दुष्काळात मी मेंढरांमागं चालत व्हते," एवढाच तिचा हिशोब. अर्धवेळ हेही नावालाच. झाडलोट, पाणी भरणं, टेबल धुणं, बाळंतिणीचे कपडे धुणं, आणि कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसून तिचा हात धरणं. हे शेवटचं काम तिच्यासारखं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. घर धनगराचं. नवरा मेंढरं राखायचा, पुढं तो वारला, मेंढरं विकली, चार शेळ्या राहिल्या.

एकदा लसीकरणाचा दिवस आटोपून आम्ही बसलो होतो. औषध कंपनीच्या माणसानं दिलेलं नवं कॅलेंडर मी भिंतीला लावत होते. त्यावर समुद्राचं चित्र होतं. मावशी म्हणाली, "ह्ये म्या पाह्यलंय."

"काय पाहिलंय?"

"समुद्र. ल्हान व्हते तवा. लई येळा."

मी खिळा हातात घेऊन तशीच उभी. मावशीचं माहेर बारामतीकडचं. तिथले मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे. घोड्यांवर बिऱ्हाड, त्यावरच लहान पोरं आणि नुकती जन्मलेली कोकरं, बाकी सगळे पायी. भाताची कापणी झालेल्या वावरात मेंढरं बसवायची, त्यांचं खत शेताला, शेतकरी बदल्यात धान्य द्यायचा. असं करत करत पार किनाऱ्यापर्यंत.

"कसा असतो समुद्र?" मी विचारलं.

मावशीनं विचार केला. "पाणीच पाणी. अन् मेंढरांना पाजायला थेंब न्हाई."

"अहो, पण दिसायला?"

"बघायला कुठं सवड व्हती, बाई? नजर मेंढरांवर. त्याच्याकडं माझी पाठच असायची. नुसता आवाज यायचा मागून." मग म्हणाली, "एकदा मेंढरं न घेता जायचंय. मोकळ्या हातानं."

"मी रिटायर झाले की जाऊ," मी म्हणाले. त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या दोघींचं झालं. बाळंतपण अडलं, दवाखान्याची गाडी वेळेवर आली नाही, वरून तपासणीला साहेब येऊन बोलून गेले, की आमच्यापैकी एक जण म्हणायची, "जाऊ दे, समुद्राला जायचंय आपल्याला."

मधे एक प्रवास अगदी हातातोंडाशी आला होता. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या ओळखीची दहा-बारा कुटुंबं बुद्धगयेला निघाली होती. ह्यांनी दोघांची तिकिटं काढली. मी तीन महिने आधी रजेचा अर्ज दिला, दोनदा स्वतः जाऊन भेटले, आणि आठ दिवसांची रजा मंजूर झाली. मी नवी पांढरी साडी घेतली. चिवडा केला, शेंगदाण्याची चटणी केली. निघायच्या सकाळी मोटरसायकलवर मागं बसले, मांडीवर बॅग. कड्याच्या अलीकडं रस्त्याकडेला ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॉलीच्या सावलीत बाया गोल करून बसल्या होत्या. तो गोल मला लांबूनच कळतो.

ह्यांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

मी उतरले. बाई पाटोद्याकडची, दुसरी खेप, दिवस भरायला तीन आठवडे बाकी. मी हात लावून बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी नगरला येऊन गाठते." आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं नाही. ह्यांनी माझी बॅग तेवढी माझ्यापाशी उतरवून ठेवली.

ट्रॅक्टर वळवून तिला उपकेंद्रात आणली. मावशीनं मला दारात बघितलं, माझी पांढरी साडी बघितली आणि काहीही न विचारता पाणी तापवायला गेली. बाळाच्या मानेभोवती नाळेचा वेढा होता. मुलगी झाली, बऱ्याच वेळानं रडली. आईचं रक्त थांबेना, म्हणून दुपारी मी दवाखान्याच्या गाडीतून तिच्याबरोबर नगरला गेले. ह्यांचा फोन आला, "स्टेशनवर आहे. थांबू का? का परत येऊ?" मी सरकारी दवाखान्याच्या जिन्यात होते. स्टेशन तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी म्हणाले, "तुम्ही जा. एकाचं तरी दर्शन होऊ दे." ती बाई वाचली. मी परत आले आणि उरलेली रजा रद्द करून घेतली.

हे आठ दिवसांनी आले. पिंपळाचं एक वाळलेलं पान आणलं होतं माझ्यासाठी, वहीत जपून. महिनाभर तिथलं सांगत होते. कुठल्या देशाचे भिक्खू, कुठलं विहार, पहाटे तिथं कसं शांत असतं. मग कधीतरी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं असावं, कारण नंतर तो विषयच बंद झाला. मला राग होता, पण तो ह्यांच्यावर नव्हता आणि त्या बाईवर तर नव्हताच. कुणावर धरावा ते सापडत नव्हतं.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. आरोग्य केंद्रात निरोपाचा कार्यक्रम झाला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, आता आराम करा, भरपूर फिरा." टाळ्या वाजल्या. मावशी मागच्या बाजूला चहाचे कप विसळत होती. तिला रिटायर होण्याची तारीख नव्हती. जोवर चालेल तोवर ती येणार, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी तिच्या जागी दुसरी येणार. माझ्या गळ्यात हार होता, म्हणून मला लगेच उठून तिच्याकडं जाता आलं नाही.

रिकामा वेळ कसा असेल याची मी तेहतीस वर्षं स्वप्नं पाहिली होती. तो आला तेव्हा मला काही ओळखता आला नाही. पहाटे पाचला जाग यायची. फोन उशाशी. तो वाजत नाही म्हणजे बिघडलाय की काय, म्हणून मी यजमानांना समोर बसून फोन लावायला सांगायचे. कड्यातल्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. अकरा वाजले की वाटायचं, आता पोरांना डोस द्यायला बाया येतील. बारा वाजता वाटायचं, रजिस्टर भरायचं राहिलं. साखर कारखान्याकडं उसाच्या गाड्या जाताना बघायच्या आणि पुन्हा आत यायचं.

ह्यांना म्हटलं, "आता निघू या कुठंतरी. बुद्धगयेला जाऊ."

हे माझ्या आधी पाच वर्षं रिटायर झालेले. घरामागच्या गुंठाभर जागेत शेवगा, लिंबू, दोन पपया. शुगर आहे, गुडघे दुखतात. म्हणाले, "मी पाहिलंय ते. आता एवढा प्रवास झेपायचा नाही मला. तू जा की. मी कधी अडवलंय का?"

अडवलं नव्हतं हे खरंच. पण मला त्यांच्यासोबत जायचं होतं, आणि हे त्यांना सांगायला मला तोंड उघडता येईना. ते पपईला पाणी घालत राहिले. मी बादली भरून देत राहिले.

मुलगा पुण्यात असतो. तो म्हणायचा, "आई, इकडं ये ना, आराम कर." आणि बाया घरी यायला लागल्या होत्या. "सिस्टर, जरा बघा ना, पाय सुजलेत." "सिस्टर, पोरगं दूध ओढत न्हाई." मी म्हणायचे, "अगं, नवीन सिस्टर आहेत तिथं, त्यांना दाखव." पण म्हणता म्हणता चष्मा लावायचे. अशात आठ महिने गेले. समुद्राचं नाव मी काढलं नाही, मावशीनंही काढलं नाही. मला वाटायचं तिला कामातून सुटता येणार नाही, आणि ती म्हणत असेल, बाईंना आता मोठ्या जागी जायचंय.

एका दुपारी मावशी लंगडत घरी आली. उपकेंद्राच्या फरशीवर बादलीसकट घसरली होती. गुडघा टम्म. मी मलम लावलं, पट्टी बांधली, आणि पट्टी बांधून होईपर्यंत ती माझ्याकडं बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "गुडघं जायच्या आत जाऊ या."

नवीन सिस्टर चांगली पोरगी. म्हणाली, "चार दिवस मी बघते, मावशी. जा तुम्ही." शेळ्या शेजारणीकडं दिल्या. यजमानांनी आमचं जायचं-यायचं सगळं एका कागदावर लिहून दिलं, गाड्यांच्या वेळा, फोन नंबर, कुठं उतरायचं ते. शाळेच्या सहलीचं लिहावं तसं, अक्षर वळणदार.

कड्यावरून आता रेल्वे जाते. तिचा भराव घालताना, पूल बांधताना आम्ही वर्षानुवर्षं बघितलं होतं. पण आत बसायची वेळ दोघींवरही आली नव्हती, कारण नगरला जायला एसटी लवकर पोचते. मावशी म्हणाली, "जायचं तर गाडीनंच." डब्यात आम्ही दोघी आणि सात-आठ माणसं. मावशीनं चपला काढल्या, बाकावर मांडी घातली आणि खिडकीच्या गजाला कपाळ लावलं.

"एवढी मोठी गाडी अन् माणसं एवढीशी?"

"हळू जाते ना, म्हणून."

"हळूच बरी. पायी चालल्यावाणी दिसतंय समदं."

नगरहून एसटीनं पुणे. रात्री मुलाकडं मुक्काम. सुनेनं प्रेमानं केलं सगळं. मुलगा म्हणाला, "गाडी करून देतो, एसटीनं कशाला?" मावशीनं मान हलवली. सकाळी अलिबागच्या एसटीत बसलो. घाट उतरायला लागलो तशी मावशी सरळ होऊन बसली. खिडकीतून वारा आत आला, ओलसर, उबदार. ती म्हणाली, "आला." मला वाटलं समुद्र आला. मी मान वळवून बघायला लागले तर सगळीकडं झाडीच.

"कुठं?"

"वारा आला की, बाई. खालचा."

अलिबागहून दुसरी गाडी घेऊन रेवदंड्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. नारळाच्या वाडीतून वाट होती. वाट संपली आणि मी समुद्र पाहिला.

तो निळा नव्हता. ओहोटी होती. राखाडी पाणी लांब गेलेलं, मधे ओल्या वाळूचं मोठं मैदान, त्यावर बारीक खेकडे पळत होते. मला वाटलं होतं, बघताक्षणी रडू येईल. रडू आलं नाही. भूक लागली. मग मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यापर्यंत चालत गेले, बरंच चालावं लागलं. पहिल्या लाटेनं घोटे भिजले. लाट मागं जाताना पायाखालची वाळू ओढून नेते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दचकून मोठ्यानं हसले आणि मावशीला हाक मारायला वळले.

मावशी समुद्राकडं बघतच नव्हती. ती मागं उभी राहून सुरूच्या झाडांकडं बघत होती. मग ती खाडीच्या बाजूला चालायला लागली, लंगडत, पण भराभर. मी मागून गेले.

"काय शोधताय, मावशी?"

ती थांबली नाही. "हितं आमचा वाडा बसायचा. मेंढरांचा. हितं न्हाईतर त्या अंगाला."

"आता कसं सापडेल? पन्नास वर्षं होऊन गेली असतील."

"माझी भन हाय हितं," मावशी म्हणाली.

मी तिच्या शेजारी चालत राहिले. तिनं चालता चालताच सांगितलं. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिची आई इथं बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली धष्टपुष्ट. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा मेंढरांमागं. मुलीला सांभाळायचं काम मावशीचं. सातव्या दिवशी मुलगी दूध ओढेना. तोंड उघडेना. मग अंग ताठ व्हायला लागलं, धनुष्यासारखं. आठव्या दिवशी गेली. झाडाखाली वाळू उकरून ठेवली आणि वाडा पुढं हलला. नंतर दरवर्षी इथून जाताना आई त्या जागी थांबायची, चिमूटभर पीठ टाकायची, आणि चालायला लागायची.

मी ऐकत होते ते नर्सच्या कानांनी. मला आवरलं नाही. मी विचारलं, "नाळ कशानं कापली होती?"

"लोकर कातरायच्या कातरीनं."

आम्ही दोघी थांबलो.

"तुमी आमच्या गावात नव्या आलता," मावशी म्हणाली, "तवा पयल्या दिशी मला कातर उकळायला सांगितली. मी इचारलं, कावून उकळायची? तुमी बसून सांगितलं मला. न उकळलेल्या कातरीनं नाळ कापली तर काय व्हतं त्ये. पोरगं कसं ताठतं त्ये. आठवतंय का तुमाला?"

मला आठवत नव्हतं. अशा किती बायांना मी हे सांगितलं असेल.

"मी घरी गेले अन् लई रडले. मला वाटायचं, माझ्या हातात व्हती, माझंच कायतरी चुकलं. मी तिला ऊन लागू दिलं, न्हाईतर वारं लागू दिलं. आई बी तसंच म्हनायची कवा कवा. त्या दिशी कळलं कातरीचं." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तवापास्नं एक बी येळा मी न उकळता कातर दिली न्हाई, बाई. सांगा तुमी, दिली का?"

"नाही दिली," मी म्हणाले. बावीस वर्षांत एकदाही नाही.

जागा सापडली नाही. जिथं असावी असं मावशीला वाटत होतं तिथं आता चिऱ्यांची उंच भिंत होती, आत कुणाचा तरी बंगला, फाटकाला कुलूप. भिंतीला लागूनच एक जुनं झाड होतं, पण ते तेच का, हे ती सांगू शकली नाही. तिनं पिशवीतून पिठाची पुरचुंडी काढली. पीठ तिनं घरून आणलं होतं, म्हणजे निघतानाच तिच्या मनात हे होतं आणि चार गाड्या बदलेपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. भिंतीच्या बुडाला तिनं पीठ टाकलं. मी हात जोडले. मग आम्ही तिथंच बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

खाऊन झाल्यावर मावशी वळून बसली, तोंड समुद्राकडं करून. भरती यायला लागली होती. सूर्य खाली उतरला, लोक आले, फोटो काढून गेले. मी मधेच विचारलं, "कसा वाटतोय?"

"मोठा हाय," ती म्हणाली. "मागून आवाज यायचा त्यावरून एवढा वाटला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मावशी खोलीत नाही. किनाऱ्यावर गेले. ती गुडघाभर पाण्यात उभी, लुगडं भिजलेलं, दोन्ही हात कमरेवर, आणि लाट आली की एकटीच हसत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. नोकरी लागल्यापासून इतकं निवांत मी कुठंच उभी राहिले नसेन. कुणी हाक मारणार नव्हतं. बायांचा गोल कुठं दिसत नव्हता. मी मुद्दाम फोन खोलीवर ठेवून आले होते, आणि तरीही मला सारखं वाटत होतं, आता उद्या परत जायचंय. समोर समुद्र असताना मला समुद्राचीच आठवण येत होती. याला काय म्हणावं मला कळत नाही.

आम्ही परत आलो. मावशी दुसऱ्याच दिवशी कामावर गेली.

महिन्याभरानं मी तिच्याकडं बुद्धगयेचा विषय काढला. बीडच्या काही बाया निघणार होत्या, दहा दिवसांचा प्रवास. मी म्हणाले, "तुमची रजा मी सांगून करून घेते. चला."

मावशी शेळीचं दूध काढत होती. "तुमी जा, बाई. माझं झालं."

"झालं म्हणजे?"

"झालं म्हंजी झालं. मला आता कुठं जायचं न्हाई. मी लई चाल्लेय." तिनं शेळीच्या पाठीवर थाप मारली. "तुमची भूक मोठी हाय. तुमी जावा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ह्यांचं पाहून झालंय, तिचं पाहून झालंय. माझ्या घरात आणि माझ्या कामात जी दोन माणसं मला सगळ्यात जवळची, त्यांना आता आपापल्या ओट्यावर बसायचंय, आणि मला मात्र नकाशातलं एकेक नाव रोज आठवतं. त्या बायांबरोबर मी नाव दिलंय. पण दर वेळी खिडकीजवळची जागा मनात आणली की शेजारी कोण, हा प्रश्न येतोच. तिथं मी कधी यजमानांना बसवते, कधी मावशीला. दोघंही उठून जातात.

अलीकडं मी एक करते. महिन्यातून एखाद-दुसऱ्या सकाळी कड्याहून गाडीत बसते आणि नगरला जाते. काम काही नसतं. यजमान आधी हसायचे, आता नुसतं विचारतात, "पाण्याची बाटली घेतलीस का?" नगरच्या स्टेशनवर फलाटावरच्या बाकड्यावर बसते, एक वडा खाते, चहा घेते. लांबच्या गाड्या येतात, दोन-तीन मिनिटं थांबतात, जातात. डब्यावरच्या पाट्या मी वाचते. काही गावांची नावं मला उच्चारता येत नाहीत.

परवा अशीच एक गाडी थांबली. खिडकीत माझ्याच वयाची एक बाई होती, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर स्टीलचा डबा. तिनं मला हिंदीत विचारलं, "कोणतं स्टेशन आहे?" मी सांगितलं. तिनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मी उठून खिडकीजवळ गेले आणि विचारलं, "तुम्ही कुठं चाललात?" तिनं सांगितलं, पण तेवढ्यात गाडी हलली आणि मला नीट ऐकू आलं नाही. मी गाडीबरोबर चार पावलं चालले. तिनं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी मोठ्यानं, हात हलवत. मला तरीही कळलं नाही, पण मी मान डोलावली.